यान खाजगी, तिजोरी सार्वजनिक

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या किनाऱ्यावर असलेल्या केनेडी अंतराळ केंद्रातून ३० मे २०२० रोजी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी ‘फाल्कन ९’ हा अग्निबाण सुटला आणि त्याच्या टोकावरील ‘क्रू ड्रॅगन’ या यानातून डग हर्ली व बॉब बेंकन हे दोन अंतराळवीर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचले. सुमारे एकोणीस तासांनी यान आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाला जोडले गेले आणि २ ऑगस्ट रोजी दोघेही मेक्सिकोच्या आखातात सुखरूप उतरले. खाजगी कंपनीने बांधलेल्या आणि तिच्याच मालकीच्या यानातून माणसे कक्षेत जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. भारतात त्या वेळी मध्यरात्र उलटून गेली होती. तरी टाळेबंदीत घरी अडकून पडलेल्यांपैकी तो देखावा जागून पाहणारे येथेही होते.

या घटनेने जो आनंदाचा पूर आला, त्यात दोन वेगवेगळे प्रवाह मिसळलेले होते. एक होता निखळ विस्मयाचा. माणूस पृथ्वीची ओढ तोडून वर जातो, हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी मनाला उंच नेते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसरा प्रवाह होता एका निकालाचा. सरकारला नऊ वर्षे जे जमले नाही ते एका उद्योगपतीने करून दाखवले, असा तो निकाल. पहिला प्रवाह काही दिवसांत ओसरला. दुसरा मात्र टिकून राहिला आणि त्याने आपले पात्र रुंदावले. आज एस. टी. महामंडळाचा प्रश्न निघो, वीज मंडळाचा निघो की बँकांचा निघो, चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतो की, खाजगी कंपनी माणसे अंतराळात नेते, तर मग तिला गाव ते तालुका एवढी गाडी चालवता येणार नाही काय? या प्रश्नाला पक्षाच्या कार्यकर्त्याने खांदे उडवून उत्तर देऊन भागणार नाही. विस्मयाचा मान राखावा आणि निकालाची मात्र कसून तपासणी करावी, हेच योग्य होय.

अन्न की अंतराळ?

डाव्या चळवळीत या बाबतीत एक सोपे उत्तर तयार असते. माणसे उपाशी असताना आकाशात पैसा कशाला उधळायचा, असा तो सवाल आहे. त्यामागची वेदना खोटी नाही. ज्या आठवड्यात हे उड्डाण झाले त्याच आठवड्यात, २५ मे रोजी, मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि अमेरिकेतील शहरे संतापाने पेटून उठली. उड्डाणाचा पहिला मुहूर्त २७ मेचा होता. खराब हवेमुळे तो हुकला. त्याच दिवशी अमेरिकेतील कोरोनाबळींच्या संख्येने एक लाखाचा टप्पा ओलांडला. एप्रिल महिन्यात तेथील बेकारीचे प्रमाण १४.७ टक्क्यांवर गेले होते. अशा वेळी दूरचित्रवाणीच्या अर्ध्या पडद्यावर अग्निबाण आणि अर्ध्या पडद्यावर अश्रुधूर दिसावा, यातील विसंगती कोणाच्याही डोळ्यांत खुपेल.

पण ही विसंगती नवी नाही आणि तिच्याशी झुंजणाऱ्यांनी पूर्वी अधिक प्रगल्भ भूमिका घेतलेली आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राकडे निघण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ ॲबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन याच केंद्राच्या दाराशी आले होते. नासाचे तत्कालीन प्रमुख टॉमस पेन त्यांना उघड्या मैदानात सामोरे गेले. उद्या कळ न दाबल्याने देशातले दारिद्र्य मिटणार असेल तर ती कळ दाबली जाणार नाही, अशा आशयाचे उत्तर पेन यांनी दिले. ॲबरनथींनी राष्ट्राच्या अग्रक्रमांवर कडक टीका केली. परंतु अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थनाही केली. विज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता. जे राष्ट्र चंद्रावर जाऊ शकते त्याला भूक का मिटवता येत नाही, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आजही अनुत्तरित आहे.

आकडेही हेच सांगतात. नासाचा आजचा खर्च अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. २०२० मध्ये तो सुमारे २,२६० कोटी डॉलर होता. त्याच वर्षी लष्करावरचा खर्च ७०,००० कोटी डॉलरच्या पुढे होता. गरिबाच्या ताटातला घास अंतराळयानाने पळवला असे म्हणण्याआधी रणगाडे, बॉम्बफेकी विमाने आणि श्रीमंतांना दिलेल्या करसवलती यांच्याकडे बोट दाखवले पाहिजे. तेव्हा ‘अन्न की अंतराळ’ हा वाद समाजवाद्यांनी बाजूला ठेवावा. खरा प्रश्न निराळा आहे : जे अंतराळयान सर्वांच्या कष्टातून उभे राहिले, ते कोणाचे?

बांधणारे पूर्वीही खाजगीच होते

‘खाजगी क्षेत्राने बांधलेले पहिले यान’ असे या यानाचे वर्णन अनेक ठिकाणी झाले. ते चुकीचे आहे. १९६२ साली जॉन ग्लेन ज्या मर्क्युरी यानातून पृथ्वीभोवती फिरले ते सेंट लुई येथील मॅकडॉनेल या खाजगी विमानकंपनीने बांधले होते. अपोलोचे मुख्य यान नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनने, चंद्रावर उतरलेले यान ग्रुमन कंपनीने, तर सॅटर्न अग्निबाणाचे टप्पे बोइंग, नॉर्थ अमेरिकन आणि डग्लस या कंपन्यांनी बांधले. अपोलो योजनेवर सुमारे चार लाख माणसे खपली आणि त्यांतील बहुतेक जण नासाचे नोकर नव्हते, कंत्राटदार कंपन्यांचे होते. अमेरिकेत यान सरकारी कारखान्यात बांधण्याची प्रथा कधी नव्हतीच.

मग २०२० मध्ये नवे काय घडले? मालकी बदलली. पूर्वी आराखड्याचा ताबा नासाकडे असे, कंपनी सांगितल्याप्रमाणे यान बांधून देई आणि तयार झालेले यान राष्ट्राच्या मालकीचे होई. नव्या पद्धतीत नासा आपल्या गरजा आणि सुरक्षेच्या अटी सांगते, पैसे मोजते आणि प्रवासाची आसने विकत घेते. यान, त्याचा आराखडा आणि त्यातून पुढे होणारी कमाई कंपनीची राहते. पूर्वी राष्ट्र गाडीचा मालक होते, आता ते भाडोत्री उतारू झाले आहे.

हा बदल लोकांच्या मनात कसा उतरला याची एक खूण सहज दिसते. १९६९ साली आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ही नावे जगभर शाळकरी मुलांच्या तोंडी होती. ग्रुमन कंपनीच्या अध्यक्षाचे नाव कोणाला ठाऊकही नव्हते. २०२० साली जीव धोक्यात घालून वर गेलेल्या हर्ली आणि बेंकन यांची नावे फार थोड्यांच्या लक्षात राहिली. खाली जमिनीवर उभ्या असलेल्या मालकाचे, एलॉन मस्क यांचे, नाव मात्र सर्वतोमुखी झाले. यंत्राच्या मालकाला यंत्राचा निर्माता समजणे ही भांडवलशाहीतील जुनी भ्रांती आहे. गिरणीचे सूत मालक काततो असे मानण्यासारखेच ते आहे.

पैसा, ज्ञान आणि जोखीम

हे यान कोणाच्या भांडवलावर उभे राहिले, याचा हिशेब उघड कागदांवर उपलब्ध आहे. २००६ साली नासाने मालवाहू यानाच्या विकासासाठी या कंपनीशी करार केला. त्यापोटी अखेरीस सुमारे ३९.६ कोटी डॉलर देण्यात आले. कंपनीचा पहिला छोटा अग्निबाण लागोपाठ तीन वेळा कोसळला आणि सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या खेपेस यशस्वी झाला. त्या वर्षाअखेर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, हे मस्क यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. तिला तारले ते बाजाराने नव्हे. डिसेंबर २००८ मध्ये नासाने बारा मालवाहू फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले, तेव्हा कंपनीच्या जीवात जीव आला. सप्टेंबर २०१४ मध्ये माणसे नेण्याच्या यानासाठी तिला आणखी २६० कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट मिळाले. बोइंगला त्याच कामासाठी ४२० कोटी मिळाले.

ज्ञानाचेही तसेच आहे. वातावरणात परत शिरताना ड्रॅगनला जळून जाण्यापासून वाचवणारे जे उष्णतारोधक कवच आहे, त्याचे मूळ द्रव्य नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात विकसित झाले. धूमकेतूची धूळ घेऊन २००६ साली परतलेल्या ‘स्टारडस्ट’ यानावर ते आधी सिद्ध झाले होते आणि कंपनीने नासाच्या साहाय्याने त्याची सुधारित आवृत्ती केली. ज्या ३९-ए या तळावरून ‘फाल्कन’ सुटला तो सार्वजनिक पैशाने बांधलेला. तेथूनच अपोलो ११ निघाले होते. २०१४ मध्ये तो वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीला देण्यात आला. दोन्ही अंतराळवीर लष्करी सेवेत घडलेले आणि २००० सालापासून नासाने शिकवून तयार केलेले. ज्या स्थानकाकडे यान निघाले तेही पंधरा राष्ट्रांनी मिळून १९९८ पासून कक्षेत जोडत नेलेले. वर नेण्यासारखी माणसे आणि जाण्यासारखे ठिकाण, दोन्हीही लोकांच्या पैशातून आधी निर्माण झाली नसती, तर या यानाला गिऱ्हाईक कोण मिळणार होते?

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर या उद्योगातील मूलभूत संशोधनाचा खर्च समाजाने सोसला, आरंभीच्या अपयशाची जोखीम मोठ्या प्रमाणात समाजाने उचलली आणि निश्चित बाजारपेठही समाजानेच पुरवली. मालकीचा दाखला तेवढा एका खाजगी नावावर निघाला.

प्रामाणिक कबुली

एवढे सांगून थांबणे मात्र अर्धसत्य ठरेल. विरोधकाच्या मुद्द्यात जे खरे आहे ते मान्य केल्याशिवाय समाजवादी टीकेला धार येत नाही.

जुनी पद्धत निर्दोष नव्हती. ‘खर्च अधिक नफा’ या तत्त्वावर दिलेल्या कंत्राटात कंपनी जितका उशीर लावील आणि जितका खर्च फुगवील तितका तिचा लाभ होतो. या पद्धतीची फळे आजही दिसतात. चंद्रावर पुन्हा जाण्यासाठी नासा जुन्या रीतीने बांधून घेत असलेला महाकाय अग्निबाण आणि त्यावरील यान यांच्या पहिल्या चार उड्डाणांचा खर्च प्रत्येकी सुमारे ४१० कोटी डॉलर पडेल, असा अंदाज नासाच्याच महानिरीक्षकांनी मार्च २०२२ मध्ये अमेरिकी संसदेपुढे ठेवला. उलट ‘फाल्कन ९’ जुन्या पद्धतीने बांधला असता तर किमान १७० कोटी डॉलर लागले असते, असे नासाच्या २०११ मधील हिशेबाने दाखवले. कंपनीने तो व त्याआधीचा छोटा अग्निबाण मिळून सुमारे ३९ कोटी डॉलरमध्ये केला. शटलच्या दोन अपघातांत, १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’वर आणि २००३ मध्ये ‘कोलंबिया’वर, मिळून चौदा अंतराळवीर गेले. संघटनेने धोक्याच्या सूचनांकडे केलेले दुर्लक्ष हे त्याचे एक कारण होते, हे चौकशी समित्यांनी नोंदवले आहे. जुलै २०११ मध्ये शटल निवृत्त झाल्यावर अमेरिकेला रशियाच्या सोयूझ यानातील आसने विकत घ्यावी लागली आणि शेवटी एका आसनाची किंमत ९ कोटी डॉलरच्या घरात गेली.

ड्रॅगन बांधणाऱ्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी अचाट काम केले, यातही शंका नाही. अग्निबाणाचा पहिला टप्पा सरळ उभा उतरवून पुन्हा वापरणे हे एके काळी स्वप्न होते. ते त्यांनी रोजचे काम करून टाकले. २०१० साली ही नवी पद्धत पुढे आली, तेव्हा खुद्द नील आर्मस्ट्राँग आणि यूजीन सर्नन यांनी सिनेटपुढे जाऊन तिच्यावर टीका केली होती. यान उडेल की नाही या बाबतीत त्यांची शंका खोटी ठरली, हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

पण या कबुलीतून निष्कर्ष काय निघतो? सार्वजनिक कामात ढिलाई असू नये, किंमत आधी ठरवावी, लहान नव्या गटांना संधी द्यावी, चुका लपवू नयेत, हा निष्कर्ष निघतो. सार्वजनिक पैशातून जन्मलेली वस्तू खाजगी मालकीची असावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. कार्यक्षमता ही कामाची रीत आहे आणि मालकी हा सत्तेचा प्रश्न आहे. या दोन गोष्टींची गल्लत करणे हीच खाजगीकरणाच्या प्रचाराची सर्वांत जुनी युक्ती होय. शिवाय बोइंगही खाजगीच आहे. तिला अधिक पैसा मिळूनही तिच्या ‘स्टारलायनर’ यानातून जून २०२४ मध्ये वर गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना त्या यानातून परत आणणे धोक्याचे ठरले. यान रिकामे परतले आणि ते दोघे मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून उतरले. खाजगी असणे हाच जर गुण असता तर तो दोघांच्याही अंगी दिसायला हवा होता.

मालकीचा अर्थ

मालकीचा प्रश्न केवळ तात्त्विक आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना ५ जून २०२५ या दिवसाने उत्तर दिले. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि मस्क यांचे काही महिन्यांचे सख्य त्या सुमारास फाटले होते. ट्रम्प यांनी मस्क यांच्या कंपन्यांची सरकारी कंत्राटे रद्द करण्याची भाषा केली. त्यावर मस्क यांनी जाहीर केले की, ‘ड्रॅगन’ यान सेवेतून काढून घेण्यास ताबडतोब सुरुवात करण्यात येईल. काही तासांतच त्यांनी ही घोषणा मागे घेतली आणि प्रकरण हसण्यावारी नेले गेले. वस्तुतः ते हसण्यासारखे नव्हते. त्या घटकेला अमेरिकी भूमीवरून माणसांना स्थानकापर्यंत नेणारे दुसरे कोणतेही यान चालू स्थितीत नव्हते. एका महासत्तेचा अंतराळात जाण्याचा मार्ग, तो मार्ग बांधायला पैसा पुरवणाऱ्या कोट्यवधी करदात्यांच्या हाती नव्हता. दोन संतापी पुरुषांच्या भांडणात तो एका दुपारपुरता टांगणीला लागला होता. ज्या वस्तूवर समाज विसंबून आहे ती एका माणसाच्या मर्जीवर चालू किंवा बंद होऊ शकते, हाच खाजगी मालकीचा खरा अर्थ आहे. जहागीरदाराच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या गावाला तो समजावून सांगावा लागला नसता.

किंमतीचेही असेच आहे. ड्रॅगनचे एक आसन साडेपाच कोटी डॉलरला पडेल, असा अंदाज नासाच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला होता. बोइंग मागे पडली आणि नासाला २०२२ मध्ये आणखी पाच फेऱ्या घ्याव्या लागल्या, त्या १४० कोटी डॉलरला. एका फेरीत चार माणसे धरली तर आसन सात कोटींवर गेले. त्यातील काही वाढ महागाईची म्हणता येईल. पण प्रतिस्पर्धी उरला नाही की विक्रेता किंमत कमी करीत नाही, हे कोणत्याही आठवडेबाजारात शिकायला मिळते. स्पर्धेच्या नावाने सुरू झालेल्या व्यवस्थेचा शेवट मक्तेदारीत झाला.

सत्तेची सरमिसळही होऊ लागली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ज्या धनिकाने स्वतःच्या खर्चाने ड्रॅगन भाड्याने घेऊन सहल केली, ते जॅरेड आयझॅकमन डिसेंबर २०२५ मध्ये नासाचे प्रमुख झाले. कंपनीचा मोठा ग्राहक त्याच कंपनीला कंत्राटे देणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या खुर्चीत बसतो, तेव्हा व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी संस्थेची मान अवघडल्याखेरीज राहत नाही.

आणि कामगार? शटलची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांची संघटना होती. २००७ साली त्यांनी केनेडी केंद्रावर अनेक महिने संप चालवला. शटल बंद झाल्यावर त्या किनाऱ्यावरील हजारो नोकऱ्या गेल्या. नव्या कंपनीत मालकाच्या वागणुकीवर टीका करणारे पत्र २०२२ मध्ये सहकाऱ्यांत फिरवणाऱ्या आठ कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. ही कृती बेकायदा असल्याची तक्रार अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या अधिकाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये दाखल केली. तेव्हा दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्या मंडळाची रचनाच घटनाबाह्य असल्याचा दावा न्यायालयात लावला. कंपनीच्या कारखान्यांत २०१४ पासून किमान ६०० दुखापती जाहीर नोंदीविना राहिल्याचे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये उघड केले. स्वस्त आसनाच्या किंमतीतील किती भाग अभियंत्यांच्या कल्पकतेचा आणि किती भाग कामगारांच्या मोडलेल्या हातापायांचा, याचा हिशेब कोणत्याही जाहिरातीत येत नाही.

येथे काय घडते आहे

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही. ड्रॅगन उडण्याच्या दोन आठवडे आधी, १६ मे २०२० रोजी, भारताच्या अर्थमंत्र्यांनी कोरोनाच्या संकटावरील उपाययोजनांचा चौथा हप्ता जाहीर केला. त्यात कोळसा, विमानतळ आणि वीजवितरण यांच्या जोडीने अंतराळक्षेत्रही खाजगी कंपन्यांना खुले करण्याची घोषणा होती. त्याच महिन्यात मजूर पायी गावाकडे निघाले होते. आठच दिवसांपूर्वी, ८ मे रोजी, जालन्याहून चालत निघालेल्या सोळा मजुरांचा करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपेतच मालगाडीखाली अंत झाला होता. त्या मजुरांना गाडी हवी होती. संकटावरील उपाय म्हणून जे जाहीर झाले त्यात अग्निबाणाचा बाजार होता.

भारतीय अंतराळकार्यालाही खाजगी कारखान्यांचा हात लागलेला आहे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ‘विकास’ इंजिने तयार झाली, पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला अग्निबाणांचे मोठे सांगाडे घडले आणि त्यांत मराठी कामगारांच्या पिढ्यांचे कसब ओतले गेले. पण १९६३ साली थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला तेव्हापासून आराखडा, ज्ञान आणि मालकी राष्ट्राची राहिली. विक्रम साराभाईंसारख्या उद्योगपतीच्या घरातील माणसानेही हे कार्य खाजगी पेढीत न उभारता सार्वजनिक संस्थेत उभारले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आता तेथेही मालकी सैल होऊ लागली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अग्निबाणांच्या उद्योगात ४९ टक्क्यांपर्यंत आणि सुट्या भागांच्या निर्मितीत शंभर टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला थेट वाट मोकळी करण्यात आली.

ड्रॅगनशी भारताचा प्रत्यक्ष संबंधही आला. २५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला त्याच ३९-ए तळावरून ड्रॅगनमधून स्थानकाकडे गेले आणि १५ जुलैला परतले. १९८४ साली राकेश शर्मा दोन राष्ट्रांच्या करारातून वर गेले होते. या वेळी भारतीय करदात्यांचे सुमारे ५५० कोटी रुपये खर्ची पडल्याचे प्रसिद्ध झाले. शुक्ला यांचे धैर्य आणि त्यांनी केलेले प्रयोग यांविषयी सर्वांना अभिमान वाटावा, हे रास्तच आहे. परंतु ५ जूनच्या त्या दुपारी ते याच उड्डाणाच्या प्रतीक्षेत होते, हेही विसरता येत नाही.

या साऱ्याचा बोध अंतराळाला विरोध करा असा नाही, आणि प्रत्येक खिळा सरकारी कारखान्यातच ठोका असाही नाही. जेथे सार्वजनिक पैसा, सार्वजनिक ज्ञान आणि सार्वजनिक बाजारपेठ लागते, तेथे काही किमान अटी असल्याच पाहिजेत. सार्वजनिक पैशातून निघालेल्या आराखड्यांवर समाजाचा हक्क लिखित करारात नोंदलेला असावा आणि कंपनीने सेवा रोखल्यास यान ताब्यात घेऊन चालवण्याचा अधिकार राज्याकडे असावा. कंपनीचे हिशेब लोकप्रतिनिधींना खुले असावेत. कामगारांना संघटना करण्याचा हक्क हे कंत्राटाचे कलम असावे. आणि स्वतः यान घडवण्याचे कसब सार्वजनिक संस्थेने कधीही हातचे जाऊ देऊ नये. कारण ज्याला स्वतः काही करता येत नाही त्याला दुसऱ्याच्या कामाची किंमतही ठरवता येत नाही. इस्रोच्या संदर्भात या मागण्या संसदेत आणि संसदेबाहेर आजच मांडल्या पाहिजेत. एकदा विकलेले ज्ञान परत मिळत नाही.

एस. टी.च्या प्रश्नावर कोणी ड्रॅगनचा दाखला देईल, तेव्हा कार्यकर्त्याने त्या यानाची निंदा करू नये. त्याने त्या यानाचा जमाखर्च सांगावा. ते यान भराऱ्या घेते ते लोकांच्या पैशावर, लोकांच्या शास्त्रज्ञांच्या ज्ञानावर आणि हजारो कामगारांच्या श्रमावर. दाखला द्यायचाच झाला तर तो सार्वजनिक गुंतवणुकीच्या सामर्थ्याचा आहे. एस. टी.ला तेवढी नाही, तर त्याच्या शतांशाने तरी गुंतवणूक आणि विश्वास मिळू द्या, मग ती कुठवर जाते ते पाहू, एवढे त्याने नम्रपणे सुचवावे.

हर्ली जुलै २०११ मध्ये शेवटच्या शटलचे वैमानिक होते. १९८१ साली पहिल्या शटलबरोबर जाऊन आलेला एक छोटा ध्वज त्या वेळी स्थानकात ठेवण्यात आला होता. अमेरिकी भूमीवरून पुढे जे माणसे येतील त्यांनी तो परत न्यावा, असे ठरले होते. नऊ वर्षांनी हर्ली आणि बेंकन यांनी तो खाली आणला. यानावर नाव कंपनीचे होते. पण जो ध्वज आणायला ते गेले होते तो कोणत्याही कंपनीचा नव्हता.